ग्रे व्हेल प्रवासात खरंच उपाशी असतात का?

दर्यादिल

डिसेंबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने ग्रे व्हेलची ये-जा चालू असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातलं बहुतेक प्रत्येक मराठी कुटुंब कधी ना कधी पॉइंट रेयीसच्या दीपगृहावर जातं, ३१३ पायऱ्या उतरतं, बोचऱ्या वाऱ्यात अर्धा तास कुडकुडतं आणि "तो बघ, तो बघ... गेला" एवढ्यावर घरी परततं. मग ग्रुपवर ठरलेली चर्चा होते. माहितीपत्रकात तर लिहिलंय की प्रवासात हे काही खात नाहीत. मग घटकेघटकेला बुड्या कशाला मारतात?

प्रश्न चांगला आहे आणि ग्रुपवर तो तीन इमोजींत संपतो. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी भूगोल. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात ओहो दे लिएब्रे, सान इग्नासिओ आणि माग्दालेना अशा उथळ, निवाऱ्याच्या खाड्या आहेत. हिवाळ्यात बरीचशी पिल्लं तिथे जन्मतात. उन्हाळ्यात मुक्काम वर, अलास्काजवळच्या बेरिंग आणि चुक्ची समुद्रात. जाऊन-येऊन १६ ते २० हजार किलोमीटर होतात. वर्षभराचं खाणं मुख्यतः त्या उत्तरेतल्या उन्हाळ्यात होतं. तिथल्या गाळात अँफिपॉड नावाचे बारके, कोळंबीच्या दूरच्या नात्यातले जीव खच्चून भरलेले असतात. व्हेल उजव्या कुशीवर होतो, तोंड तळाशी टेकवतो, जीभ मागे खेचून गाळासकट सगळं आत ओढतो. मग वरच्या जबड्याला लोंबणाऱ्या बलीनच्या झालरीतून पाणी आणि चिखल बाहेर सोडतो. पंचात दही बांधलं की पाणी निथळतं आणि चक्का आत राहतो, तसा सगळा खाऊ आत राहतो. बहुतेक व्हेल 'उजवखोरे' असतात. त्यामुळे डोक्याची उजवी बाजू घासलेली, त्या बाजूला बार्नॅकलची (अंगाला चिकटून राहणाऱ्या कवचाच्या जिवांची) पुटं कमी आणि बलीनही जास्त झिजलेलं. डाव्या कुशीवर खाणारेही असतात, पण थोडे.

आता बुडीकडे. प्रवासात असलेला ग्रे व्हेल तीन ते पाच फवारे सोडतो, दोन फवाऱ्यांत साधारण १५ ते ३० सेकंद. शेवटच्या फवाऱ्यानंतर पाठीचा कणा कमानीसारखा वर येतो, मग शेपटी, आणि तीन ते पाच मिनिटं साहेब गायब. पाण्यावर फक्त एक गुळगुळीत गोल चकती उरते. शेपटीच्या फटकाऱ्याने वर आलेलं पाणी असतं ते. आजूबाजूला लाटांच्या सुरकुत्या असतात आणि त्या चकतीवर एकही नसते. आपले लोक तिच्याकडेच बघत बसतात, तिथेच चुकतं. ताशी सहा-सात किलोमीटरने चालणारा प्राणी पाच मिनिटांत अर्धा किलोमीटर पुढे गेलेला असतो. दुर्बीण जानेवारीत दक्षिणेला सरकवा, मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेला.

ही बुडी खाण्यासाठी नसते, चालण्यासाठी असते. पृष्ठभागालगत पोहलं की अंगामुळे लाटा उठतात आणि त्या उठवण्यात ताकद फुकट जाते. शरीराच्या जाडीच्या साधारण तिप्पट खोलीवर हा लाटांचा अडथळा जवळजवळ संपतो. म्हणून श्वास घ्यायला वर यायचं आणि अंतर कापायला खाली जायचं. तेवढ्या खोलीला 'बुडी' म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं.

खाणाऱ्याची बुडी वेगळी ओळखू येते. तो त्याच जागी परत परत वर येतो, तोंड कधी इकडे कधी तिकडे. वर येताना सोबत मातकट ढग आणतो. डोक्यावर समुद्रपक्षी घिरट्या घालतात. पाणी उथळ असेल तर शेपटीचा एकच अर्धा भाग आडवा बाहेर दिसतो, कारण तो कुशीवर असतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरही असं दृश्य अधूनमधून दिसतं, विशेषतः उत्तरेकडे जाताना.

माझं मत: 'प्रवासात खात नाहीत' हे वाक्य बदलून 'वाटेत मिळालं तर खातात, पण त्याने भागत नाही' असं लिहायला हवं. उपवास हा नेम नाही, हिशोब आहे. वाटेतलं खाणं विरळ असतं. त्यासाठी थांबलं तर वेळ जातो, आणि पोटुशी मादी तर दक्षिणेला निघणाऱ्यांत सगळ्यात पुढे असते, तिला थांबणं परवडत नाही. पण उन्हाळ्यातली शिल्लकच कमी पडली की हिशोब बदलतो.

अवांतरकर

थोडक्यात काय, एकादशी दुप्पट खाशी. आमच्या घरी तर याला प्रवासाचीही गरज लागत नाही.

मुक्ताई_एस

छान धागा. पण एक गोष्ट पटत नाही. स्वतः न खाता आई पिल्लाला दूध कसं पाजते? बाळंतिणीला डिंकाचे लाडू घालणाऱ्या घरातली मी, मला हे झेपत नाहीये.

दर्यादिल

@मुक्ताई, लाडू ती अंगावरच घेऊन फिरते. कातडीखालचा चरबीचा थर म्हणजे उन्हाळ्यातली सगळी कमाई. दुधातही निम्म्याहून जास्त चरबी असते. पिल्लू जन्मतः साधारण साडेचार मीटरचं आणि टनाच्या आसपास, आणि ते दिवसेंदिवस फुगत जातं. आई मात्र आटत जाते. म्हणूनच परतीच्या वाटेवर माय-लेकरं सर्वात शेवटी निघतात, एप्रिल-मेमध्ये. पिल्लाला थर चढल्याशिवाय थंड पाण्यात नेणं धोक्याचं.

या जोड्यांची बुडीही वेगळी. पिल्लाला दम कमी, म्हणून आई थोडं थोडं खाली जाते, लवकर वर येते, आणि किनाऱ्याला अगदी चिकटून, केल्प या उंच समुद्रशेवाळाच्या रानाच्या कडेने चालते. माँटेरी बेमध्ये हे नीट कळतं. तिथे किनाऱ्यापासूनच खोल समुद्री दरी सुरू होते, आणि एप्रिल-मेमध्ये तिथे ओर्का, म्हणजे पिल्लांची शिकार करणारे किलर व्हेल, टपून असतात. बाकीचे व्हेल दरी सरळ ओलांडून जातात. पिल्लूवाली आई बहुधा लांबचा वळसा घेते, पण उथळ पाणी सोडत नाही.

पर्जन्या

सिएटलहून. आमच्याकडचे ग्रे व्हेल तर वाट वाकडी करून जेवायला येतात.

परतीच्या प्रवासात काही मोजके व्हेल मुख्य रांग सोडून आमच्या प्यूजेट साउंड खाडीत शिरतात आणि व्हिडबी बेटाच्या आसपास फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत राहतात. त्यांना इकडे 'साउंडर्स' म्हणतात. १९९० च्या सुमारास पहिले एक-दोन आले, आता डझन-दीड डझन येतात. त्यातले बरेच दरवर्षीचे ओळखीचे, अंगावरच्या पांढऱ्या डागांवरून नावानिशी ओळखले जाणारे. खाणं म्हणजे घोस्ट श्रिंप, गाळात बिळं करून राहणारी फिकट गुलाबी कोळंबी.

यात बुडी जवळजवळ नाहीच. बारा मीटर लांबीचा प्राणी भरतीच्या वेळी इतक्या उथळ पाण्यात येतो की कुशीवर झाला की एका बाजूचा पर आणि अर्धी शेपटी हवेत. किनाऱ्यावरच्या घरांतून दिसतं. खरी गंमत ओहोटीला असते. पाणी हटलं की चिखलात लांबट खड्डेच खड्डे, एकाशेजारी एक, माणूस आडवा झोपेल एवढे. प्रत्येक खड्डा म्हणजे एक घास. ताज्या खड्ड्याची कड धारदार असते, आत पाणी साचलेलं. जुने खड्डे काही भरत्यांनंतर बुजत बुजत बशीसारखे होतात. आमच्या शेजारच्या आजोबांना कडा बघून कालचा कुठला आणि आजचा कुठला ते सांगता येतं.

घासांची जागा ओहोटीला कोरडी पडते, म्हणजे जेवणाची वेळ भरतीच्या वेळापत्रकावर ठरते. भरती-ओहोटीचा तक्ता बघूनच लोक बघायला बाहेर पडतात.

शंकासुर

नेहमीप्रमाणे मी खुसपट काढणार.

साउंडर्स फार तर वीसेक. उत्तर कॅलिफोर्निया ते ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर उन्हाळाभर राहणारा, आर्क्टिकपर्यंत न जाणारा गट दोनशेच्या आसपास. एकूण संख्या हजारोंनी. अपवादांवरून नियम मोडीत काढू नका. १९५९ ते १९६९ या काळात मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर खास परवान्याने ३१६ ग्रे व्हेल मारून त्यांची तपासणी झाली होती. जवळजवळ सगळ्यांची पोटं रिकामी. आणि उत्तरेला जाणारे दक्षिणेला जाणाऱ्यांपेक्षा ठळकपणे रोडावलेले. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

दुसरं, 'शिल्लक कमी पडली' वगैरेतून आता हवामानबदलाचं कीर्तन सुरू होणार हे दिसतंय. १९९९-२००० मध्येही असेच ढिगाने मेले होते, आणि नंतर संख्या पुन्हा वर गेली. समुद्राला जेवढे पोसवतात त्यापेक्षा जास्त झाले की पडतात.

दर्यादिल

@शंकासुर, ३१६ चा दाखला दिलात ते बरं झालं, तो माझ्याही बाजूचाच आहे. सगळे रिकाम्या पोटी का होते? कारण तेव्हा वरून भरपेट खाऊन निघत होते. वाटेत तोंड घालायची गरजच नव्हती.

चढ-उतार पूर्वीही झाले, मान्य. १९४६ मध्ये संरक्षण मिळाल्यावर ही जमात इतकी सावरली की १९९४ मध्ये अमेरिकेच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून तिचं नाव काढलं गेलं. पण यावेळचा उतार बघा. २०१६ मध्ये अंदाज सुमारे २७ हजारांचा. २०१९ ते २०२३ असाधारण मृत्यूंचा काळ म्हणून अधिकृतपणे नोंदला गेला आणि शेवटी संख्या साडेचौदा हजारांच्या आसपास आली. तो काळ संपल्याचं जाहीर झालं, तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता चढ. २०२५ चा अंदाज आला सुमारे १३ हजार, म्हणजे १९७० च्या दशकानंतरचा नीचांक. त्या वर्षी उत्तरेला गेलेली पिल्लं अंदाजे ८५. हजारांत नाही, शंभरातही नाही.

कीर्तन नको म्हणता, तर फक्त साखळी सांगतो. समुद्रावरच्या बर्फाच्या खालच्या बाजूला शेवाळ वाढतं. बर्फ वितळला की ते शेवाळ तळाशी जातं आणि अँफिपॉड त्यावर जगतात. बर्फ लवकर गेला की शेवाळाची पाळी चुकते, वर तरंगणारे जीव पृष्ठभागावरच सगळं फस्त करतात, तळाला कमी पोहोचतं. शिवाय बर्फाचं झाकण नसलं की प्रवाह बळावतात आणि ज्या बारीक गाळात अँफिपॉड घर करतात तो वाहून जातो. म्हणजे तुमचं 'समुद्राला जेवढे पोसवतात' हे बरोबर आहे. फक्त तो आकडाच खाली सरकतोय.

आणि बुडीचा धागा इथे परत येतो. गेल्या काही वर्षांत ग्रे व्हेल सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत शिरून रेंगाळताना दिसतात, बरेचसे हडकुळे. मानेमागे खळगा पडलेला असतो, तो ड्रोनच्या फोटोत स्पष्ट दिसतो. त्याच पाण्यात फेरीबोटी आणि कंटेनर जहाजं. २०२५ मध्ये बे एरिया परिसरात वीसहून जास्त ग्रे व्हेल मेलेले सापडले, आणि त्यातल्या काहींवर जहाजाच्या धडकेच्या खुणा होत्या. चालता व्हेल पाच मिनिटांनी अर्धा किलोमीटर पुढे निघतो, त्याची दिशा ओळखता येते. अन्न शोधत घिरट्या घालणारा कुठे वर येईल हे जहाजाच्या कप्तानाला कळणार कसं?

शंकासुर

साखळी पटली. ८५ चा आकडा माहीत नव्हता. तरी माहितीपत्रकातलं वाक्य मी बदलणार नाही, 'सहसा' एवढा शब्द घालेन.

बायो_मास्तर

दम कसा टिकतो यावर कोणीच बोललं नाही, म्हणून शाळामास्तर मध्ये पडतो.

व्हेल फुप्फुसात हवा कोंडून टिकत नाही. एका श्वासात तो फुप्फुसातली ८० ते ९० टक्के हवा बदलतो, आपण जेमतेम १०-१५ टक्के. तीन-पाच फवारे हे बुडीनंतरचं कर्ज फेडणं आणि पुढच्या बुडीसाठी साठवण, दोन्ही असतं. प्राणवायूचा मोठा साठा स्नायूंतल्या मायोग्लोबिन या लाल प्रथिनात असतो. त्यामुळे व्हेलचं मांस काळपट लाल दिसतं.

मग हृदय मंदावतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन माझ्या नववीच्या मुलांना फार आवडतं. माँटेरी बेमध्ये एका निळ्या देवमाशाच्या अंगावर चूषकाने यंत्र चिकटवलं आणि हृदयाचे ठोके मोजले. खाली असताना कमीत कमी मिनिटाला दोन. दोनच. वर श्वास घेताना ३७ पर्यंत. आणि खाली तो झोपलेला नव्हता, तोंड उघडून क्रिलच्या (कोळंबीसारख्या बारक्या जिवांच्या) थव्यात मुसंडी मारत होता.

या मुसंडीचाही खर्च असतो. तोंड उघडलं की छत्रीसारखा अडथळा होतो, वेग मरतो, पुन्हा पळायला सुरुवात शून्यातून. त्यामुळे थवा दाट असेल तरच बुडी परवडते. ग्रे व्हेल मुसंडी मारत नाही, चिखल ओढतो, पण हिशोब तोच.

सिडनीकर

आमच्या हंपबॅक व्हेलची साक्ष. हे अंटार्क्टिकाहून क्वीन्सलँडला जातात आणि परततात. पाठ्यपुस्तकात यांचाही कडकडीत उपवास. पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये न्यू साउथ वेल्सच्या दक्षिण टोकाला, ईडनच्या आसपास, परतीच्या वाटेवर ते माशांच्या थव्यांवर तुटून पडतात. २०२० मध्ये तर तिथल्या किनाऱ्यालगत कळपाने बुडबुड्यांचं जाळं विणून खाताना चित्रित झाले. खालून गोल फिरत बुडबुडे सोडायचे, मासे मध्ये कोंडायचे आणि सगळ्यांनी मिळून तोंडं उघडून वर यायचं. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरही असे मोठमोठे गट खाताना नोंदले गेलेत.

बोंबील_फ्राय

सगळे परदेशी पाहुणे झाले. मालवणच्या समोर फवारे दिसतात त्यांचं काय? आमचे रापणवाले काका म्हणतात तारली किनाऱ्याला लागली की मागून मोठं धूड येतं. हे कुठून येतात, कुठे जातात?

मस्कतची_माई

बोंबील भाऊ, तुमच्या काकांचं धूड बहुधा ब्राइड्स व्हेल. तो उष्ण पाण्यातला, तारलीसारखे मासे खाणारा, आणि ध्रुवाची वारी न करणारा. सिंधुदुर्गासमोर त्याची नोंद आहे, निळ्या देवमाशाचीही.

पण अरबी समुद्राची खरी नवलाई म्हणजे इथला हंपबॅक. जगातले बाकीचे हंपबॅक थंड पाण्यात खायला आणि उष्ण पाण्यात विणीला जातात. ओमानसमोरचे कुठेच जात नाहीत. कारण आपला मॉन्सून. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यालगतचं पाणी लोटतो, खालचं थंड, पोषक पाणी वर येतं आणि समुद्र मासळीने भरतो. ध्रुवासारखं ताट उष्ण कटिबंधातच मांडलेलं, मग निघायचं कशाला? जनुकांवरून दिसतं की हा गट सुमारे ७० हजार वर्षं बाकीच्यांपासून तुटलेला आहे. ओमानजवळ शंभराहूनही कमी उरलेत. १९६६ मध्ये सोव्हिएत बोटींनी काही आठवड्यांत अरबी समुद्रात सुमारे २४० हंपबॅक बेकायदा मारले, त्यातून हा गट सावरलेला दिसत नाही.

'कुठेच जात नाहीत' याला मात्र एक झकास अपवाद आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानच्या मसिरा आखातात लुबान नावाच्या मादीला उपग्रह-टॅग लावला. बाई सरळ पूर्वेला निघाल्या, अरबी समुद्र ओलांडून डिसेंबरअखेर गोव्यासमोर. तिथून किनाऱ्याने खाली भारताच्या टोकापर्यंत आणि पुन्हा ओमानला. भारताच्या पश्चिम किनाऱ्याचे आणि ओमानचे हंपबॅक एकच, हे नकाशावर पहिल्यांदाच असं रेषेने उमटलं.

बोंबील_फ्राय

म्हणजे लुबान गोव्याला नाताळ करून गेली! काकांना सांगतो. जवळा खातात का हे?

मस्कतची_माई

हंपबॅकच्या बाबतीत मासे आणि क्रिल, दोन्ही. पण श्रीलंकेजवळच्या निळ्या देवमाशांची विष्ठा तपासली तेव्हा क्रिलऐवजी मुख्यतः सर्जेस्टिड कोळंबी निघाली. आपला जवळा त्याच कुळातला. जगातला सर्वात मोठा प्राणी आणि आपली आजी, दोघांचं सुकटीवर एकमत.

अवांतरकर

फक्त तो कांदा न घालता खातो. तिथेच मागे पडला.

मुक्ताई_एस

आई-बाबा एप्रिलमध्ये येतायत. गुडघ्यांमुळे ३१३ पायऱ्या शक्य नाहीत. बोट की किनारा?

दर्यादिल

किनारा. आईंना बोट लागत असेल तर एप्रिलचा पॅसिफिक अजिबात नको. पायऱ्या टाळून पॉइंट रेयीसलाच चिमनी रॉककडे जा. वाट थोडी चढाची आहे, पण पायऱ्या नाहीत. एप्रिल-मेमध्ये माय-लेकरं किनाऱ्याच्या इतक्या जवळून जातात की साधी दुर्बीण पुरते. सकाळी वारा पडलेला असताना पोहोचा, दुपारी पांढऱ्या लाटांत फवारा वेगळा काढता येत नाही. निघण्याआधी धुक्याचा अंदाज बघा. आणि दोन फवारे शेजारी-शेजारी दिसले, एक उंच आणि एक चिमुकला, तर पुढच्या वेळी पाच मिनिटं थांबू नका. पिल्लू लवकर वर येतं.